न झालेल्या अभिक्रियांचे प्रकरण

सेंद्रिय रसायनशास्त्रात डॉक्टरेट करू इच्छिणाऱ्या तरुणास पाच वर्षे कोणत्या कामाला जुंपावे, या प्रश्नाची चर्चा आपल्या विद्यापीठांच्या बैठकींत क्वचितच होते. कारण प्रवेशसंख्या, शिष्यवृत्तीची थकबाकी आणि परीक्षकांचा प्रवासभत्ता हे विषय संपता संपता चहाची वेळ होते. वस्तुतः हा प्रश्न त्या शास्त्राच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे. निसर्गात सापडणारे एखादे गुंतागुंतीच्या रचनेचे द्रव्य साध्या कच्च्या मालापासून पायरीपायरीने बांधीत नेण्याची जी विद्या तिला संपूर्ण संश्लेषण म्हणतात. आणि स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेची वाट सुकर करून देणारे द्रव्य हुडकण्याची जी विद्या ती उत्प्रेरणाची. शिकाऊ संशोधकाची घडण यांपैकी कोणत्या विद्येत अधिक चांगली होते, यावरून आमच्या परिचयाच्या एका पुणेरी कुटुंबात मामा आणि भाची यांच्यामध्ये कित्येक वर्षे वाद चालू आहे. मामांनी तरुणपणी टर्पीन वर्गातील एका द्रव्याच्या संश्लेषणावर प्रबंध लिहिला आणि पुढचे सारे आयुष्य औषधांच्या कारखान्यांत काढले. भाची एका विद्यापीठात अध्यापिका असून उत्प्रेरणावर काम करणारे विद्यार्थी तिच्या हाताखाली आहेत. जीभ दोघांचीही तिखट आहे. मी केवळ श्रोता; परंतु जेथे राहवले नाही तेथे मधे बोललो आहे, एवढी सवलत वाचकांनी मला द्यावी.

मामा : अगं, तुझ्या मुलांच्या प्रबंधांत पायऱ्या किती असतात? दोन? फार तर तीन? आमच्या वेळी वीसएक पायऱ्यांचा मार्ग ही साधी गोष्ट समजत. आता हिशेब कर. प्रत्येक पायरीवर शंभरातले ऐंशी भाग हाती लागले, आणि ऐंशी म्हणजे गुरूने पाठ थोपटावी असा आकडा, तरी विसाव्या पायरीच्या अखेरीस मुळातल्या शंभर भागांपैकी जेमतेम एक भाग शिल्लक राहतो. ज्याच्या फ्लास्कच्या तळाशी असे तीस-चाळीस मिलिग्रॅम तेल चिकटलेले असते, आणि त्या तेलात पाणी शिरले तर आपल्याला पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन किलोभर माल चढवावा लागणार आहे हे ज्याला ठाऊक असते, तो मनुष्य कोणतेही काम बेफिकिरीने करूच शकत नाही. बरे, त्या वीस पायऱ्यांत ऑक्सिडेशन आले, रिडक्शन आले, एक गट झाकून ठेवून दुसऱ्यावर काम करणे आले, वलय बांधणे आले. म्हणजे पाठ्यपुस्तकातली निम्मी प्रकरणे त्याच्या बोटांतून गेली. त्याच्या आधी कोरीने सांगितल्याप्रमाणे अंतिम द्रव्य कागदावर मांडून, त्याचे बंध कल्पनेने एकेक तोडीत आरंभापर्यंत मागे यायचे. ही बुद्धीची कसरत निराळीच. कोरीला १९९० चे नोबेल मिळाले ते प्रामुख्याने याच विचारपद्धतीबद्दल. मला सांग, याच्यापेक्षा सर्वांगीण तालीम कोणती?

भाची : मामा, तुम्ही तालमीबद्दल बोलता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कायम मार्ग पूर्ण करणारा विद्यार्थी असतो. ज्याचा मार्ग चौदाव्या पायरीवर कायमचा अडला, त्याचे काय झाले ते तुम्ही सांगत नाही. आणि मोठ्या संश्लेषणांत एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला येते किती? बी-बारा जीवनसत्त्वाचे संश्लेषण तुम्हा लोकांचे कळसाचे काम. हार्वर्डमध्ये वुडवर्ड आणि झुरिकमध्ये एशनमोझर, या दोघांच्या प्रयोगशाळांतून मिळून शंभराच्या आसपास संशोधक त्यावर सुमारे बारा वर्षे खपले. त्यांतल्या कित्येकांनी आपल्या वाट्याचा तुकडा तयार करून पुढच्याच्या हाती दिला आणि ते निघून गेले. पंक्तीत वाढपी म्हणून मीठ वाढीत गेल्याने कोणी आचारी होत नाही.

मामा : १९७२ च्या फेब्रुवारीत नैसर्गिक द्रव्यांच्या रसायनाची आंतरराष्ट्रीय परिषद दिल्लीस भरली होती. त्या परिषदेत वुडवर्डने या संश्लेषणाचा वृत्तान्त सांगितला. त्या कामाची कथा आपल्या देशात सांगितली गेली, याचे आम्हा विद्यार्थ्यांना काय अप्रूप वाटले होते ते तुला आज कळायचे नाही.

भाची : अप्रूप मलाही आहे. पण आज औषधाच्या दुकानात मिळणारे बी-बारा जंतूंकडून किण्वनाने तयार करून घेतात. त्या बारा वर्षांच्या मार्गाने कोणी बाजारासाठी एक ग्रॅमही केलेले नाही.

मामा : बाजार हा तुझा मापदंड कधीपासून झाला? त्याच संश्लेषणाच्या एका टप्प्यावर वलय मिटताना अणूंची मांडणी अपेक्षेच्या नेमकी उलट आली. वुडवर्डने ती गोष्ट झटकून टाकली नाही. रोआल्ड हॉफमन या तरुण सिद्धान्तशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन तिचा पिच्छा पुरवला, आणि १९६५ पासून त्या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे नियम प्रसिद्ध होऊ लागले. हॉफमनला १९८१ मध्ये जपानच्या फुकुई यांच्याबरोबर नोबेल मिळाले. वुडवर्ड त्याच्या दोन वर्षे आधीच वारला होता. जीवनसत्त्व जंतूंनी करावे की माणसाने, हा प्रश्न कारखानदाराचा. ते नियम जंतूंनी शोधले नसते.

येथे मामांनी डाव जिंकला असे मला वाटले, आणि भाचीच्या चेहऱ्यावरूनही ते दिसले. परंतु ती या घराण्यातली असल्यामुळे तिने विषय बदलला नाही, फक्त वजनकाटा पुढे केला. तिचे पुढचे बोलणे मी बरेचसे तिच्याच शब्दांत देतो, कारण प्रयोगशाळेच्या टेबलावर रोज काय घडते याचे असे वर्णन मी इतरत्र वाचलेले नाही.

भाची : विद्यार्थी सकाळी रिअ‍ॅक्शन लावतो. दुपारी टीएलसीची पट्टी आयोडीनच्या बरणीत धरतो. कच्च्या मालाचा ठिपका गेला, वर नवा ठिपका आला, की संध्याकाळी वर्कअप करून रात्री कॉलम लावतो. दीड-दोन ग्रॅम द्रव्य शुद्ध करण्यासाठी काचेच्या नळीत शंभर ग्रॅम सिलिका जाते, तिच्यावरून तीनचार लिटर पेट्रोलियम ईथर आणि इथिल असिटेट जाते, आणि शेवटी रोटाव्हेपरवर दीड ग्रॅम पांढरे स्फटिक येतात. वहीत तो लिहितो : उतारा ८५ टक्के. सिलिका कोठे गेली, विद्रावक कोठे गेला, हे वहीत कोठेही येत नाही. हाच मुलगा उद्या तारापूरला किंवा लोटे परशुरामला नोकरीस लागतो आणि तेथेही त्याला उताराच दिसतो, नाल्याचे पाणी दिसत नाही. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक सोपे माप सांगितले : एक किलो माल करताना किती किलो कचरा झाला ते मोजा. औषधांच्या धंद्यात तो आकडा पंचवीसपासून शंभरापर्यंत आणि त्याच्याही वर जातो. आता आयबुप्रोफेन घ्या. बूट्स कंपनीची जुनी पद्धत सहा पायऱ्यांची होती, आणि तिच्यात वापरलेल्या सर्व द्रव्यांतील अणूंपैकी वजनाने चाळीस टक्केच औषधात उतरत. नव्या पद्धतीत आरंभीचा माल तोच, पायऱ्या तीन. पहिल्या पायरीस हायड्रोजन फ्लोराइड, दुसरीस रॅनी निकेल, तिसरीस पॅलॅडियम, तिन्ही उत्प्रेरक म्हणून. आणि अणूंचा उपयोग सत्त्याहत्तर टक्के. तुमच्या वीस पायऱ्यांची शिस्त मला मान्य आहे, पण पायरी गाळण्याची विद्या त्या शिस्तीत कोणी शिकवली नाही.

मामा : कोणी शिकवली नाही म्हणतेस? तुझ्या जन्माच्या आधी आम्ही दुसरे काय करीत होतो? १९७० चा पेटंट कायदा १९७२ च्या एप्रिलात अंमलात आला. त्याने औषधाच्या द्रव्यावरचा मक्ता काढून घेतला आणि फक्त ते करण्याच्या पद्धतीवरचा ठेवला. म्हणजे सरकारने एका कलमाने साऱ्या देशातल्या संश्लेषणवाल्यांना हुकूम दिला की, बाबांनो, तेच द्रव्य निराळ्या वाटेने करून दाखवा. आणि निराळी वाट कोणाला दिसते? ज्याने एका द्रव्याच्या दहा वाटा कागदावर मांडून त्यांतल्या नऊ टाकून दिलेल्या असतात त्याला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक वेंकटरामन हे त्याआधी माटुंग्याच्या रसायनतंत्र विभागाचेही पहिले भारतीय संचालक होते. रंगद्रव्यांचे संश्लेषण हा त्यांचा विषय. त्यांचे शिष्य रामाराव यांनी पाषाणला आणि पुढे हैदराबादला औषधांच्या अशा वाटा काढून दिल्या. एड्सवरील झिडोव्ह्युडिनची पद्धत हैदराबादहूनच सिप्लाकडे गेली. ज्या अंजी रेड्डींनी हैदराबादेत कारखाना उभारला ते माटुंग्याला शिकले आणि डॉक्टरेट त्यांनी पाषाणला केली. स्वस्त औषधांचा एवढा पसारा कोणाच्या तालमीवर उभा राहिला ते पाहा.

भाची : पाषाणचा दाखला देत असाल तर पुरा द्या. त्याच प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले, आणि ते पेट्रोरसायनांच्या कारखान्यांत गेले. आणि तुमचे ते कलम १ जानेवारी २००५ पासून राहिले नाही. आता द्रव्यावरचाही मक्ता मिळतो. निराळ्या वाटेची बाजारातली किंमत तेव्हापासून उतरली.

मामा : उतरली असेल. तुमच्या उत्प्रेरणाच्या लेखांची तरी काय किंमत आहे ते मी सांगतो. लेखात एक अभिक्रिया असते आणि खाली एक कोष्टक असते. बेंझीनच्या वलयावर एकदा मेथिल लावायचा, एकदा मेथॉक्सी, एकदा क्लोरीन, एकदा फ्लोरीन. प्रत्येकाचा उतारा लिहायचा, ९२, ८९, ९४, आणि तीस ओळी झाल्या की लेख छापायला पाठवायचा. ज्या द्रव्यावर ती अभिक्रिया चालली नाही ते कोष्टकात येत नाही. चार वर्षे असे रकाने भरलेल्या मुलाच्या मुलाखती मी घेतल्या आहेत. त्याला विचारले, की बाबा, तुझ्या द्रव्यात अ‍ॅमाइन उघडे असेल तर हा पॅलॅडियम काय करील? तो म्हणतो, सर, ते सब्सट्रेट आम्ही घेतले नाही. अगं, पण खऱ्या औषधात अ‍ॅमाइन असायचेच! नाजूक, चार हातांनी चार दिशांना ओढणारे द्रव्य त्याने आयुष्यात हाताळलेलेच नसते.

भाची : हे खरे आहे. मी हे नाकारीत नाही. कोष्टकात शून्याची ओळ छापा म्हणून मीच माझ्या मुलांना सांगते, आणि परीक्षक तीच ओळ काढायला सांगतात.

मामांना इतक्या लवकर कबुली मिळेल असे वाटले नव्हते. ते थोडे गोंधळले. वादात प्रतिपक्षाने एकदम मान्य केले की पट्टीचा वादपटूसुद्धा क्षणभर निराधार होतो, हे मी न्यायालयांतही पाहिले आहे.

भाची : पण तुम्ही तालमीचा प्रश्न काढलात म्हणून एका शिकाऊ विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. जर्मनीत म्यूलहाइम गावी कोळशाच्या संशोधनाची संस्था आहे. तेथे कार्ल झीग्लर हे अ‍ॅल्युमिनियमच्या एका सेंद्रिय संयुगावर इथिलीनचे रेणू एकापुढे एक जोडून साखळी लांबवीत नेण्याचे काम करीत होते. होल्झकांप नावाचा त्यांचा डॉक्टरेटचा विद्यार्थी. त्याने एकदा पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये नेहमीची रिअ‍ॅक्शन लावली, आणि लांब साखळीऐवजी मिळाले फक्त ब्युटीन, म्हणजे दोनच रेणू जोडलेले. साखळी पहिल्याच पावलावर तुटली. आता येथे दोन मार्ग होते. एक म्हणजे प्रयोग फसला असे म्हणून ऑटोक्लेव्ह धुऊन टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे. तुमच्या-माझ्या प्रयोगशाळांत बहुधा हेच होते. दुसरा म्हणजे का फसला ते शोधायचे. त्यांनी आठवड्यांमागून आठवडे ते शोधले, आणि कारण निघाले : भांड्याच्या पोटात राहून गेलेला निकेलचा अंश. मग झीग्लरनी विचार केला, निकेल जर साखळी तोडते, तर दुसरा एखादा धातू असाच काही उलटा परिणाम करील काय? ब्राइल नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी धातूंच्या मालिकेवर बसवले. तो एकेक धातू तपासीत झिर्कोनियमपाशी आला आणि भांड्यात पांढरे पॉलिथीन भरले. त्यानंतर टायटॅनियम. तोपर्यंत पॉलिथीन करायला हजार वातावरणांहून अधिक दाब लागे. आता ते साध्या दाबाला, काचेच्या भांड्यात होऊ लागले. हे सारे १९५३ सालचे. दहा वर्षांनी झीग्लरना मिलानच्या नाट्टांबरोबर नोबेल मिळाले. आपल्या घरातली बादली, पाण्याची टाकी आणि दुधाची पिशवी यांची वंशावळ त्या फसलेल्या प्रयोगापर्यंत जाते. तो मुलगा वीस पायऱ्या चढत नव्हता, मामा. तो एकाच पायरीवर थांबून खाली काय आहे ते बघत होता.

मामा : छान गोष्ट आहे. आता माझी ऐक. हार्वर्डला किशी म्हणून जपानी प्राध्यापक होते. पॅलिटॉक्सिन नावाचे समुद्रातले एक भयंकर विष; त्याचा रेणू इतका मोठा की त्याचे चित्र काढायला कागद आडवा धरावा लागतो. त्याच्या संश्लेषणात दोन मोठे तुकडे एकमेकांस जोडायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी क्रोमियम क्लोराइडची एक अभिक्रिया घेतली. ती कधी उत्तम चाले, कधी मुळीच चालत नसे. हात तेच, विद्रावक तोच, तापमान तेच. क्रोमियम क्लोराइडची बाटली बदलली की निकाल बदले. आता तीस पायऱ्या चढून आलेले द्रव्य हाताशी असताना बाटलीच्या लहरीवर कोण विसंबून राहील? शोध घेता घेता कळले की ज्या बाटल्यांतले क्रोमियम काम करी त्यांत दुसऱ्या धातूची अल्पशी भेसळ होती, आणि शुद्ध बाटल्यांत नव्हती. क्योटोत नोझाकी आणि ताकाई यांनाही स्वतंत्रपणे तेच आढळले. दोन्ही लेख १९८६ चे. तेव्हापासून तो धातू मुद्दाम, मोजून, चिमूटभर घालतात. याच अभिक्रियेच्या आधारे किशींनी १९९२ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन हे समुद्रस्पंजातले द्रव्य बांधले. त्याचा अर्धाच भाग औषधाला पुरेसा आहे असे दिसून आले, आणि त्या अर्ध्या भागापासून काढलेले एरिब्युलिन २०१० पासून स्तनांच्या कर्करोगावर अमेरिकेत देऊ लागले. साठांच्या घरात पायऱ्या असलेले औषध कारखान्यात होते! तुझा उत्प्रेरक माझ्या संश्लेषणातच सापडला, कारण गरज तेथे होती. सोप्या द्रव्यावर काम करणाऱ्याला बाटली बदलल्याने काय फरक पडला असता? ९२ ऐवजी ८१ लिहिले असते आणि पुढे गेला असता.

भाची : आणि तो दुसरा धातू कोणता?

मामा : निकेल.

हे दोघे एकमेकांचे खंडन करण्यासाठी दोन गोष्टी सांगत होते आणि दोन्ही गोष्टींत गुन्हेगार एकच निघाला, याची मौज त्या दोघांपेक्षा मलाच अधिक वाटली. परंतु मौजेपलीकडचीही एक गोष्ट मला तेथे दिसली, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली. म्यूलहाइममध्ये निकेलने काम बिघडवले, हार्वर्डमध्ये निकेलनेच काम साधले. एके ठिकाणी उत्प्रेरणाचे संशोधन चालले होते, दुसरीकडे संपूर्ण संश्लेषणाचे. दोन्हीकडे समान होते ते एवढेच की, कोणीतरी काम थांबवून, ज्याची नोंद कोणत्याही कोष्टकात झाली नसती अशा विसंगतीचा तपास करीत बसले, आणि त्या तपासाला वेळ देण्याचे औदार्य त्यांच्या वरिष्ठांनी दाखवले. तेव्हा विद्यार्थ्याला वीस पायऱ्यांवर घालावे की दोन, हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे; न झालेल्या अभिक्रियेचा जाब त्याच्याकडून मागितला जातो की नाही, हा मुख्य. मामा म्हणाले, “हे तुम्ही बाहेरचे आहात म्हणून बोलता.” भाची म्हणाली, “वेळ द्यायचा कोणाच्या खिशातून?” आणि संभाषण तेथून अधिक अवघड प्रदेशात शिरले.

मामा : वेळ हा द्यावाच लागतो. आम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रयोगशाळेत असू. रविवार म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हते. त्याशिवाय विद्या येत नाही.

भाची : त्याच रात्रींचे दुसरे टोकही सांगा. २००८ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तेवीस वर्षांची एक संशोधन-साहाय्यक टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजने काढून घेत होती. हे द्रव हवेचा स्पर्श झाला की आपोआप पेटते. सिरिंजचा दट्ट्या निसटून बाहेर आला. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, तो पेटला. अठरा दिवसांनी ती गेली, आणि पुढे तिच्या प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला. एवढे द्रव सिरिंजने ओढायचे नसते, दुतोंडी सुईने नायट्रोजनच्या दाबावर एका बाटलीतून दुसरीत ढकलायचे असते, ही गोष्ट तिला शेजारी उभे राहून कोणी करून दाखवायला हवी होती. आणि त्याच्या दहा वर्षे आधी, १९९८ मध्ये, हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने आपले जीवन संपवले; मागे ठेवलेल्या पत्रात त्याने मार्गदर्शकांच्या हातच्या अनिर्बंध सत्तेकडे बोट दाखवले. त्यानंतर विभागाने प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शकाशिवाय आणखी दोन अध्यापक सल्लागार म्हणून मागता येतील अशी तजवीज केली. हे सुचायला एक माणूस जावा लागला. आपल्याकडे आजही बहुतेक ठिकाणी मार्गदर्शकाची सही हाच विद्यार्थ्याचा एकमेव परवाना असतो.

मामा काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे सांगितले ते मला त्यांच्या सर्व युक्तिवादांपेक्षा मोलाचे वाटते. त्यांच्या गुरूंनी त्यांना टेट्राहायड्रोफ्युरान कोरडे करायला स्वतः शिकवले होते. सोडियमच्या चकत्या तेलातून काढून, पुसून, कापून टाकायच्या, बेंझोफिनोन घालायचे, आणि द्रव गडद निळा होईपर्यंत उकळत ठेवायचे. निळा रंग आला म्हणजे पाणी आणि हवा गेली. काम संपल्यावर उरलेले सोडियम अल्कोहोल थेंबथेंब घालून कसे मारायचे, आणि घाईने पाणी ओतणाऱ्याचे काय होते, हेही गुरूंनी पहिल्या खेपेस स्वतःच्या हाताने करून दाखवले होते. “त्यानंतर,” मामा म्हणाले, “ते रात्री दोनला आमच्या सोबत असत. आजचा मार्गदर्शक दिल्लीला समितीच्या बैठकीला असतो.”

भाची : हे मात्र तुम्ही आमच्या बाजूने बोललात. आता खिशाचे बोलते. केंद्राची कनिष्ठ संशोधकवृत्ती २०२३ च्या जानेवारीपासून महिना सदतीस हजार आहे, वरिष्ठ झाल्यावर बेचाळीस हजार. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. रक्कम महिन्याच्या महिन्याला हाती पडेल याची खात्री नाही. गावाहून आलेला मुलगा घरभाडे उसने घेऊन भरतो, आणि मी त्याला सांगायचे की निकेल शोधत बस? त्याची मुदत संपते, निकेलची संपत नाही. वर लेखांचा काच. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रबंध दाखल करण्यापूर्वी परीक्षित नियतकालिकात एक लेख छापणे सक्तीचे होते. २०२२ च्या नोव्हेंबरातील नियमावलीने ती सक्ती काढून टाकली. कायद्याने काढली, व्यवहारात ती आहे तशीच आहे, कारण नोकरीच्या अर्जात लेखांचा रकाना अजून आहे. लेख झालेल्या अभिक्रियांवर निघतो. म्हणून न झालेल्या अभिक्रिया वहीत राहतात. आणि मुलगा गेला की वही कपाटात जाते, दोन वर्षांनी दुसरा मुलगा तीच रिअ‍ॅक्शन त्याच बाटलीतून पुन्हा लावतो आणि त्याचीही होत नाही.

मामा : मग प्रबंधात लिहू द्या त्यांना.

भाची : काय लिहू देऊ?

मामा : जे झाले नाही ते. शेवटचे एक प्रकरण. कोणती अभिक्रिया लावली, किती वेळा, काय अपेक्षित होते, काय मिळाले, आणि का असावे असे त्याला वाटते. कारखान्यात आम्ही नव्या माणसाला हेच विचारीत असू. झालेले सगळेच सांगतात.

भाची : बाहेरचा परीक्षक म्हणेल, या मुलाचे काम फसले.

मामा : म्हणू दे. त्याला उत्तर देता आले तर पदवी द्या, नाही आले तर देऊ नका. तोंडी परीक्षा कशासाठी असते?

या मुद्द्यावर, आणि माझ्या आठवणीप्रमाणे या एकाच मुद्द्यावर, त्या दोघांचे एकमत झाले. अर्थात प्रत्येकाची खात्री अशी की आपणच दुसऱ्याला वळवले. मामांना अजूनही वाटते की ते प्रकरण वीस पायऱ्यांच्या प्रबंधातच भरघोस होईल. भाचीचे म्हणणे, दोन पायऱ्यांच्या प्रबंधाला त्याची गरज अधिक आहे, कारण तेथे लपवणे सोपे असते. मला दोन्ही म्हणणी पटतात. मामांचे किंचित कमी, कारण लांब मार्गावर अपयश लपवणारेही मी ऐकले आहेत, आणि अखेरच्या पायरीचा वर्णपट नीट निघाला की मधल्यांविषयी कोणी विचारीत नाही, असे खुद्द मामांनीच मागे एकदा सांगितले होते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या रसायनशास्त्र अभ्यासमंडळांवर जे सभासद असतील त्यांना माझी विनंती आहे की, पीएच.डी.च्या नियमावलीत प्रबंधाच्या रचनेसंबंधी जे कलम असते त्यात एका पोटकलमाची भर घालून हे प्रकरण सक्तीचे करावे, परीक्षकांकडे जाणाऱ्या अहवालाच्या नमुन्यात त्याच्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि विद्यार्थ्याच्या वह्या प्रबंधाबरोबर ग्रंथालयात जमा करून घ्याव्यात. याला नवे यंत्र लागत नाही आणि दिल्लीची मंजुरीही लागू नये. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर, परीक्षकांच्या प्रवासभत्त्याच्या आधी, हा विषय घेता येईल.